खळगा कशानं भरायचा

आमच्या घरातल्या बाईला गुडघा असतो, कंबर असते, डोकं तर असतंच आणि ते उठसूट दुखतंही. पण गळ्याच्या खाली आणि पोटाच्या वर तिला काहीच नसतं. तिथं नुसता पदर असतो. त्यामुळं तिथं गाठ हाताला लागली, तेव्हा ती कुठं लागली हे सख्ख्या नवऱ्याला सांगायलाही मला शब्द सापडेना.

"इथं काहीतरी लागतंय बघा," मी म्हणाले.

"कुठं?"

"इथं."

"ॲसिडिटी असंल," असं म्हणून हे दुकानाला गेले.

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमचं आडत दुकान आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. पाटीवर नाव दोघा भावांचं, पण हुकूम एकाचा, थोरल्याचा. त्यांना सगळा मोंढा अण्णा म्हणतो, आम्हीही अण्णाच म्हणतो. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते माझ्याशी थेट एक शब्द बोललेले नाहीत. भांडण नाही काही. रीतच आहे, धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही. त्यांना चहा हवा असला की ते दाराच्या चौकटीला सांगतात, "चहा झाला असंल तर बरं होईल." चौकट काही हलत नाही, मीच चहा पाठवते. अक्काशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, माझ्या थोरल्या जावेशी, ते थेट बोलतात. फक्त उत्तराची वाट बघत नाहीत.

महिनाभर मी ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. गाठीला काही फरक पडला नाही, तिला कुठं माहीत होतं ती ॲसिडिटी आहे म्हणून! शेवटी एक दिवस स्वयंपाकघरात अक्काला सांगितलं. अक्कानं पिठाचे हात पुसले, दार लोटलं, आणि सरळ ब्लाउजात हात घालून गाठ चाचपली. कणीक मळून मळून तिच्या बोटांना गुठळी लगेच कळते.

"चल दवाखान्यात," ती म्हणाली. "आज."

आजचं काही जमलं नाही, कारण कुठल्या दवाखान्यात जायचं यावर घरात पंचायत बसली. लातुरात दवाखान्यांना तोटा नाही. पण लातुरात दाखवलं तर संध्याकाळच्या आत मोंढ्यात भावासारखी बातमी फुटणार, असं अण्णांचं म्हणणं. अक्काची नात लग्नाची होती. घरात असलं दुखणं आहे म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार? म्हणून नांदेड ठरलं. मोंढ्यात सांगितलं, नांदेडच्या मावशी आजारी आहेत. अशी कुणी मावशी नव्हती. पण लोक मोठे मायाळू, रोज विचारपूस करायला लागले, आणि अण्णांना रोज मावशीला नवीन काहीतरी द्यावं लागायचं. आधी तिला मूतखडा झाला, मग लकवा आला, मग मोतीबिंदू. बिचारीला सगळे रोग झाले. जो मला होता तेवढा सोडून.

आता हेच अण्णा. काही वर्षांपूर्वी हैदराबादला त्यांच्या हृदयाची झडप बदलली. तेव्हा काय थाट! परत आले त्या दिवशी गल्लीत ताशा वाजला, घरात पातेलंभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजली, व्यापाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं. तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की अण्णा पाण्याच्या तांब्याआधी सदऱ्याची बटणं सोडतात आणि छातीवरची उभी चीर दाखवतात. "बघा, इथून फाडलं. हितपर्यंत." पाहुणा "अरारारा" म्हणतो, मग बटणं लागतात, मग पाणी येतं. अण्णांची छाती मोंढ्यातल्या हमालांनी पाहिली आहे, दुधवाल्यानं पाहिली आहे, सोयरीक घेऊन आलेल्या निलंग्याच्या व्याह्यांनी पाहिली आहे. छाती त्यांनाही होती आणि मलाही होती. पण त्यांच्या छातीची मिरवणूक निघाली आणि माझ्या छातीसाठी एक मावशी जन्माला घालावी लागली.

नांदेडचे डॉक्टर तरुण होते, स्वच्छ बोलायचे. भाजीवाला वांगं म्हणतो तितक्या सहज ते 'स्तन' म्हणायचे. तो शब्द आला की आमचे हे छताचा पंखा बघायला लागायचे. त्या दवाखान्यातल्या पंख्याला किती पाती होती हे आजही ते झोपेत सांगतील.

"सुईनं आतला तुकडा काढून तपासायला पाठवू," डॉक्टर म्हणाले.

हे पंख्यावरून खाली आले. "म्हणजे परखी मारायची?"

डॉक्टरांना परखी ठाऊक नव्हती. यांनी मोठ्या हौसेनं समजावलं: पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी, ती ओढली की पोतं न उघडता आतला माल हातात येतो, चांगला का किडका ते कळतं. डॉक्टर हसून म्हणाले, "अगदी तेच." यांना इतकं बरं वाटलं! एवढ्या दिवसांत माझा आजार यांना पहिल्यांदा समजला. मी पोतं झाले ते झाले, पण समजला तर खरं.

माल किडका निघाला. कॅन्सर होता.

हे ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगते, कारण तेव्हा कुणी विचारलं नाही. मला भीती वाटली. मरणाची वाटली, ती कुणालाही वाटते. पण तिच्या मागून एक दुसरी भीती आली आणि तिची मला लाज वाटली. ती म्हणजे हे माझं जाईल. या वयात, नातवंडं झाल्यावर, केस पांढरे झाल्यावर, मला ते हवं होतं. ते मला आवडायचं. अंघोळ करताना, साडी नेसताना, आरशात तिरकं बघताना ते माझं होतं. घरात ज्याचं नावही घ्यायचं नाही त्याच्यावर इतका जीव असतो हे मला त्या खुर्चीवर कळलं.

आणि डॉक्टरांनी तर नशिबानं चांगलंच सांगितलं. गाठ लहान आहे, लवकर सापडली. सगळा स्तन काढायची गरज नाही. गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं काढायचं, नंतर शेक द्यायचा, म्हणजे रेडिएशन. सगळं काढलं काय आणि असं केलं काय, जगण्याच्या हिशेबात तुमच्यासाठी फरक नाही. फक्त काढलेल्या जागी खळगा पडतो. शेक दिल्यावर तो आणखी ओढला जातो. खळगा तसाच ठेवता येतो. नाहीतर बाजूचं, काखेखालचं तुमचंच मांस वळवून भरता येतो. आणि आता काही नवे भराव निघाले आहेत, स्पंजासारखे, ते आत ठेवायचे, शरीर त्यांच्यात हळूहळू आपलं मांस धरतं. "घाई नाही, आठवड्यानं सांगा," ते म्हणाले, आणि हे सगळं सांगताना सवयीनं त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

घरी दिवाणखान्यात गादीवर बैठक बसली. आमच्याकडे जुन्या काळी धान्याचा भाव रुमालाखाली ठरायचा म्हणतात. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायची, तोंडानं काही बोलायचं नाही, बाकीच्यांना कळायचं नाही. ती पद्धत मोंढ्यातून गेली. आमच्या दिवाणखान्यातून गेली नाही. अण्णा, हे, आणि चौकट, अशी बैठक. मी चौकटीच्या आतल्या बाजूला.

"सगळंच काढून टाका म्हणावं," अण्णा म्हणाले. "या वयात कशाला जोखीम?"

"जोखीम तेवढीच हाय म्हणले डॉक्टर," हे म्हणाले.

"बरं. मग तेवढं काढा. पण भरायचंय कशाला ते? कोण बघणार हाय?"

हे गप्प. खरंच सांगते, यांच्या गप्प बसण्याचा मला अण्णांच्या बोलण्याहून जास्त राग आला. मी पदर डोक्यावर घेतला आणि चौकटीला म्हणाले, "मी बघणार हाय. रोज."

अण्णांनी खाकरून विषय बदलला. "कशाचं आसतं म्हणे ते भरायचं?"

इथं यांनी घोळ केला. माणूस साधा, विचारलं तेवढं खरं सांगणारा. "काही बनवलेले आसतात. पण त्यातले काही गाईच्या न्हाईतर डुकराच्या कातडीचे आसतात म्हणं. धुऊन-बिऊन घेतलेले."

झालं! आम्ही लिंगायत. आमच्या घरात बेकरीचा केक आला तर अण्णा चष्मा लावून त्याचं खोकं चारी बाजूंनी वाचतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या मांडवातून मसाल्याचा वास आला तर उठून जागा बदलतात. आणि गळ्यात आम्हा सगळ्यांच्या चांदीच्या डबीत इष्टलिंग, पार छातीवर टेकलेलं. त्याच्या खाली, त्याला लागून, डुक्कर? अण्णांचा आवाज चढला. मग त्यांना एक उपाय सुचला, आणि त्या उपायाला तोड नाही.

"त्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका आसतो का, विचार डॉक्टरला."

आणि यांनी विचारलं! फोन लावून विचारलं. डॉक्टरांना आधी वाटलं, कुणी थट्टा करतंय. मग त्यांनी फार नम्रपणे सांगितलं की काका, ते खायचं नसतं.

पुढच्या खेपेला मी अक्काला सोबत नेलं. हे गाडी लावायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, एवढा वाद कशाला? शाकाहारी भरावही असतात. आणि हृदयाच्या झडपा तर बऱ्याचदा बैलाच्याच असतात, हृदयाभोवतीच्या पिशवीपासून केलेल्या. कितीतरी शाकाहारी लोक त्या घेऊन हिंडतात. कोण विचारतं?"

अक्का उठली आणि पाणी प्यायला बाहेर गेली. परतीच्या वाटेवर लातूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मी विषय काढला. नुसतं "अक्का, अण्णांची—" एवढंच म्हणाले.

"बैलाची हाय," अक्का म्हणाली. लाटणं थांबलं नाही.

मग तिनं सांगितलं. हैदराबादला अण्णा आत बेशुद्ध. आमचे हे रक्ताच्या पिशवीसाठी पळालेले. डॉक्टरनं येऊन आधी तेलुगूत विचारलं, मग हिंदीत. धातूची बसवू का बैलाची? धातूची बसवली तर जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि सारख्या तपासण्या. यांना गोळी वेळेवर घेता येईल का?

"मी म्हणलं, हे? यांना चष्मा सापडत न्हाई. बैलाची बसवा. माणूस राहू द्या, मग काय बी बसवा."

"आणि नंतर सांगितलं नाही?"

"सांगितलं आसतं तर जेवले आसते का?" तिनं पोळी तव्यावर टाकली. "घास उतरला नसता. एवढी चीर पडलेला माणूस उपाशी मेला आसता. तुला तुझ्या लिंगाची आण हाय, बोलायचं न्हाई."

मी आण घेतली. पण बाई गं, काय जड गेली! महादेवाच्या देवळात नंदी लिंगासमोर बसतो. आमच्या अण्णांच्यात तो लिंगामागं बसलेला, आणि हे गृहस्थ मला डुकराची भीती घालत होते! रोज सकाळी ते तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचे, मी चौकटीतून बघायची आणि माझ्या जिभेला खाज सुटायची. हसूही यायचं आणि रडूही. कारण अण्णांच्या वेळी एका बाईनं, पिठाच्या हाताच्या बाईनं, क्षणात सांगितलं होतं, काय बी बसवा. माझ्या वेळी आठवडा झाला तरी बैठका संपत नव्हत्या, आणि त्यातल्या एकीलाही मला आत बोलावलं नव्हतं.

शेवटची बैठक तर महाराजांसमोर. अण्णांनी मठातल्या म्हाताऱ्या महाराजांना घरी बोलावलं, पाय धुतले, फळं ठेवली आणि विचारलं, "महाराज, अंगात जनावराचं काही घातलं तर लिंगाला बाध येतो का?"

"कुणाच्या अंगात?" महाराज म्हणाले.

"घरातल्याच एकाच्या."

"कुठं घालायचंय?"

अण्णा माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. नवरा पंख्याकडे. महाराज बिचारे दोघांकडे आळीपाळीनं. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. मी चौकट ओलांडली. डोक्यावर पदर होता, पण ओलांडली.

"महाराज, माझ्या स्तनात."

मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला, तोही एका स्वामींसमोर. भिंत पडली नाही. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले, मग उघडले आणि अण्णांना म्हणाले, "अरे, हे मला काय विचारता? डॉक्टरला विचारा. आणि या बाईला विचारा." एक केळं उचललं, शाल सावरली आणि गेले.

महाराज गेल्यावर अण्णांनी निकाल दिला. "बघा. महाराज नाराज झाले."

आता मात्र माझा संताप झाला. रात्री यांना म्हणाले, "तुम्ही त्या पंख्याशीच लग्न करायला पाहिजे होतं." यांनी तोंड भिंतीकडे केलं. पण माणूस झोपला नाही, हे मला कुशीवरून कळत होतं.

शेवटी नांदेडला निर्णय सांगायची वेळ आली. डॉक्टरांनी पुन्हा सवयीनं यांच्याकडे बघितलं. "मग काय ठरलं काका?"

यांनी वर बघितलं. पंखा बंद होता, लाइट गेली होती. मग खाली बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "मला काय विचारता? माल ज्याचा, भाव त्यानं सांगावा. तिला विचारा."

पोतं, परखी, माल. या माणसाकडे दुसरी भाषाच नाही. पण त्या दिवशी मला ती गोड लागली, खोटं कशाला बोलू.

आणि गंमत बघा. इतके दिवस मी यांच्याशी भांडत होते, मला विचारा, मला विचारा. आणि विचारलं तर मी आधी पाणी मागितलं. मग मी विचारायला लागले आणि डॉक्टर सांगायला लागले. भराव नवा आहे, अनुभव अजून थोडा आहे. कधी सूज येते, कधी तिथं पाणी साचतं, जंतू धरले तर काढावा लागतो. पुढं दरसाल तपासणीचे फोटो काढायचे, त्यात कधी घोळ घालू शकतो. स्वतःचं मांस वळवायचं तर चीर मोठी, दुखणं जास्त, पण ते तुमचंच. खळगा तसाच ठेवला तरी जिवाला काही नाही.

"माझ्याकडं मांस पुरेल का?" मी विचारलं.

डॉक्टरांनी काखेखालचं बघून सांगितलं, भरपूर आहे. भरपूर असायचंच, इतक्या वर्षांचे धपाटे आणि लोणी कुठं जाणार? "मग घरचंच घ्या," मी म्हणाले. हिरवा ठिपका, डुक्कर, महाराज, यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. पुढच्या फोटोत घोळ नको, एवढंच होतं. गाठ परत आली तर ती लपता कामा नये. ते मी ठरवलं, सगळं ऐकून, माझ्या तोंडानं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स म्हणाली, गळ्यातलं सगळं काढा. लिंग गळ्यातून काढलं की आम्हाला उघडं पडल्यासारखं वाटतं, आणि एकाचं लिंग दुसऱ्यानं धरायचं नसतं. मी डबी मुठीत घेऊन बसले. अक्कानं ती माझ्या मुठीतून सोडवली आणि आपल्या गळ्यात घातली, स्वतःच्या डबीशेजारी.

"अक्का, चालत न्हाई," मी म्हणाले.

"गप पड. लई चालतं."

मी आत असेपर्यंत ती दोन लिंगं गळ्यात घालून बाकावर बसली होती. मला बाहेर आणलं तेव्हा पहिलं काही दिसलं असेल तर त्या दोन डब्या.

मग शेक. त्यासाठी नांदेडातच एक खोली घेऊन राहिलो. मोंढ्याला वाटलं, केवढा मावशीवर जीव! हदगावचे एक ओळखीचे व्यापारी तर मावशीला भेटायलाच यायला निघाले, त्यांना यांनी कसंबसं परतवलं. शेवटी मावशीचं काय करायचं हा पेच पडला. मारावी तर मयतीला लोक येणार. म्हणून अण्णांनी तिला ठणठणीत बरी केली आणि काशीला पाठवली. अजून ती तिथंच आहे.

चामडी काळवंडली, मग सोलली, मग हळूहळू माणसात आली. एक दिवस अंघोळीनंतर दाराला कडी लावून मी आरशासमोर उभी राहिले. एक थोडा लहान आहे. काखेकडून एक शिवण आली आहे. रुसल्यासारखा जरा बाजूला बघतो. पण आहे. खळगा नाही. मी त्याच्यावर हात ठेवला आणि पोटभर रडले, आनंदानं, मोठ्यानं, नळ सोडून.

लातूरला परत आले त्या दिवशी ताशा नव्हता, शाल नव्हती. हुग्गी मात्र होती. अक्कानं केली होती, कारण न सांगता. दोघे भाऊ पाटावर जेवायला बसले. मी आत ताटं भरत होते, अक्का वाढत होती. अण्णांनी हुग्गीचा घास घेतला आणि तृप्त होऊन चौकटीला म्हणाले, "शेवटी ऐकलं म्हणायचं. बरं झालं. घराची रीत राहिली. या घरातल्या कुणाच्या अंगात जनावराचा कण शिरला न्हाई."

माझ्या हातातला चमचा थांबला. ऐकलं? कुणाचं ऐकलं? माझी भीती, माझे प्रश्न, माझं तोंड, माझं मांस, आणि जिंकले अण्णा! जिभेच्या टोकावर बैल येऊन उभा राहिला. पण आण होती. मी अक्काकडे बघितलं.

अक्का तुपाची वाटी घेऊन अण्णांच्या ताटाशी वाकली होती. तिनं तूप वाढलं. हुग्गीवर तूप पसरेपर्यंत थांबली. मग सरळ उभी राहिली.

"शिरलाय की," ती म्हणाली. "तुमच्यात."

आणि मग तिनं सांगितलं, पोळ्या लाटताना मला सांगितलं होतं तसंच, सावकाश. हैदराबाद, डॉक्टर, धातू, बैल. सांगून झालं तेव्हा अण्णांचा हात सदऱ्यावर होता, जिथं ते सगळ्यांना चीर दाखवतात तिथं. तोंडाचा रंग गेला होता. वाटलं, आता ओकतात. पण ते ओकले नाहीत, ओरडले.

"मला न विचारता? माझ्या छातीत काय बसवायचं, ते मला न विचारता?"

त्या घरातल्या भिंतींनी हा प्रश्न आधीही ऐकला होता, पण पुरुषाच्या आवाजात पहिल्यांदाच. आमचे हे पंख्याकडे बघायला गेले आणि अर्ध्यातून परत आले. अक्काचं बोलून झालं होतं. मी चौकटीच्या बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांकडे तोंड करून बोलले.

"आतलं कोण बघणार होतं, अण्णा?"

अण्णा ताटावरून उठले. हुग्गी तशीच राहिली, तूप थिजलं. दुपारभर ते आपल्या खोलीत होते, दार लोटून. अक्का एकदा दाराशी जाऊन कान लावून आली. "जिवंत हायत," म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली. मी तिच्यासमोर बसून निवडत राहिले. तिनं इतकी वर्षं एक गोष्ट पोटात सांभाळली होती आणि ती माझ्यासाठी ताटात वाढली होती. तिचे उपकार कसे मानायचे हे मला कळेना, म्हणून मी जास्त खडे काढले.

दिवे लागले तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तिथं ते कधी येत नाहीत. चौकटीला हात टेकला, पण बघितलं माझ्याकडे.

"तुम्हाला विचारलं होतं का? त्या डॉक्टरनं?"

"व्हय," मी म्हणाले. "विचारलं होतं."

सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावून घेतलं.

"बरं केलं," ते म्हणाले, आणि मग अक्काकडे बघून, "भाकरी झाली का?"

आणि या खेपेला उत्तराची वाट बघत थांबले.